कांद्यातला भुईआवळा आणि माझं लिव्हर

हे मी त्या माणसासाठी लिहितोय ज्याने उभ्या आयुष्यात दारू घेतली नाही आणि तरी ज्याच्या रिपोर्टवर लिव्हर हा शब्द आला. घेणाऱ्यानेही वाचावं, त्याच्यासाठीही पुढे काही आहे. माझं शिक्षण आठवीपर्यंत. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात. सहा वर्षं झाली, सुप्याच्या एमआयडीसीत एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. बायको सविता आणि मुलगी पायल गावी. लिहिताना चुका होतील. पण माझ्या पोटात काय झालं ते माझ्याशिवाय कोण सांगणार?

पाकीट

कंपनीत दरवर्षी तपासणी असते. वजन घेतात, रक्त घेतात, संपलं. त्या वर्षी श्रावणात झाली. आठ दिवसांनी ऑफिसातल्या मॅडमने बोलावून पाकीट दिलं आणि नगरला दाखवून घ्या म्हणाल्या. पाकीट उघडं होतं. म्हणजे माझ्याआधी ते कुणीतरी वाचलं होतं.

नगरला सोनोग्राफी झाली. पोटावर गार मलम फिरवत डॉक्टर पडद्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी विचारलं, किती घेता? मी म्हटलं, सात-आठ कप होतात. ते हसले. मला जरा वेळाने कळलं, मी चहाचं सांगत होतो आणि ते दारूचं विचारत होते. तेव्हा पोटावर तेच मलम घेऊन मी त्यांना सांगितलं की साहेब, मी घेतच नाही. ते म्हणाले, बरं. त्या 'बरं'वरूनच समजलं की यांना पटलेलं नाही.

कागदावर लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड टू. मोठ्या डॉक्टरबाईंनी मात्र नीट बसवून सांगितलं. लिव्हरमध्ये चरबी साठली आहे, आणि ती न पिणाऱ्यालाही साठते. माझं पोट सुटलेलं, काम बसून, चहा गोड, दोन्ही वेळा ताटात भाताचा ढीग आणि पाळीच्या मधल्या सुट्टीत फरसाण. वजन उतरवा, चाला, गोड बंद करा, हे मागे फिरू शकतं. असंच सोडलं तर काही जणांचं लिव्हर पुढे कडक होत जातं.

मी विचारलं, गोळी कोणती? त्या म्हणाल्या, आत्ता तुम्हाला गोळी देत नाही.

तिथे मी घाबरलो. आमच्याकडे ज्या दुखण्याला गोळी नाही ते दुखणं शेवटचं असतं. बाहेर येऊन बाकावर बसलो. पोटात काही दुखत नव्हतं, हेच जास्त भीतीचं वाटत होतं.

सविताचा प्रश्न

सविताचे वडील मोहाच्या दारूने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांचं पोट माठासारखं फुगलं होतं आणि ते तिने बघितलेलं. तेव्हा ती पायलच्या आताच्या वयाची होती. म्हणून फोनवर लिव्हर म्हटल्याबरोबर तिला तेच पोट आठवलं असणार. मग तिने हळूच विचारलं, "घेता का जी तुमी तिकडे?"

मी नाही म्हटलं. चरबी, भात, चहा, डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मंग पायलची शपथ घ्या."

मी घेतली नाही. लोक म्हणतील, खरा होतास तर घ्यायला काय झालं होतं. झालं हे होतं की मी काही केलेलं नव्हतं. न केलेल्या गोष्टीसाठी पोरीला मध्ये का आणायचं? मी म्हटलं, माझा शब्द मान, नाही तर राहू दे. तिने राहू दिलं. त्यानंतर आमचे फोन पायलच्या शाळेवर आणि धानाच्या रोवणीवर यायचे आणि तिथेच संपायचे.

इकडे कंपनीतही तेच. आमच्या सुपरवायझर साहेबांनी सांगितलं, रोज गेटवर दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं, मग मशीनवर बसायचं. मी फुंकलं. चौथ्या दिवशी विचारलं, साहेब, फोर्कलिफ्टवर आम्ही पाच जण आहोत, फुंकायला मी एकटाच का? ते म्हणाले, तुझा रिपोर्ट आहे. मी म्हटलं, मग रोजचा आकडा रजिस्टरला लिहा आणि खाली सही करा. रोज शून्य यायचं, रोज मी त्यांची सही घ्यायचो. एक दिवसही सही मी सोडली नाही.

आक्का

सुप्याजवळच्या एका वाडीत मी खोली घेऊन राहतो. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणतात, साठीच्या पुढच्या आहेत. त्या आणि त्यांचे मालक तात्या, दोघंच. दोन एकर लाल कांदा, चार शेळ्या. माझ्या डब्यात भात दिसला की त्या विचारायच्या, भाकरी आवडत न्हाई व्हय तुला? सहा वर्षांत त्यांनी मला एक सण उपाशी जाऊ दिलेला नाही.

लिव्हरचं ऐकल्यावर त्यांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी खुरपणीवरून येताना पदराच्या ओट्यात भुईआवळा घेऊन आल्या. बारीक पानं, पानांखाली मोहरीएवढी फळं. मुळासकट जुडी माझ्या दारात ठेवली.

"माज्या भावाची कावीळ ह्यानंच उतरली," त्या म्हणाल्या. "लई कडू हाय, पन दम धर. सकाळी अनशापोटी येक कप. येकच बरं का."

मला रडू आलं, खोटं नाही बोलत. महिनाभरात कुणीतरी पहिल्यांदा मला काय घेतोस असं न विचारता काहीतरी घे म्हटलं होतं.

आणि इथून पुढची चूक माझी. दिवाळीला गावी जायचं होतं. मला सविताच्या हातात स्वच्छ रिपोर्ट द्यायचा होता. शपथ न घेता, कागदाने. मोबाईलवर रोज काही ना काही यायचं, अमक्या पाल्याने लिव्हर महिन्यात नवं, तमक्या मुळीने चरबी वितळते. ते वाचून मी एका कपाचे तीन केले. सकाळी, कामावर जाताना, संध्याकाळी. आक्का दर चार-पाच दिवसांनी ताजी जुडी आणायच्या, मी नळाखाली धुऊन घेऊन उकळायचो. जुडी इतकी लवकर कशी संपते असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, थोडी वाळत घालतो. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून सुरू केलेलं चालणं मात्र सोडून दिलं होतं. काढा चालू आहे ना, मग पाय कशाला दुखवायचे, असा माझा हिशेब.

तिसऱ्या आठवड्यात अन्नाचा वास नको झाला. मग मळमळ. मग एका सकाळी चुळा भरताना आरशात डोळे दिसले. पिवळे.

वॉर्ड

नगरच्या दवाखान्यात सात दिवस होतो. पहिलंच आजारपण, पहिलीच खाट. पहाटे सिस्टर ताप बघतात, मग झाडलोट, मग रक्त, मग नाश्त्याला बिनतेलाचा उपमा, मग डॉक्टरांचा घोळका, आणि मग नुसतं पंख्याकडे बघणं. रक्तातला लिव्हरचा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेला होता. सलाइनची बाटली संपत आली की माझा जीव खालीवर व्हायचा, हवा नळीत जाईल म्हणून. सिस्टर प्रत्येक वेळी शांतपणे सांगायच्या, काही होत नाही. एकदाही वैतागल्या नाहीत. त्यांचं नाव लिहायला त्यांनी नको म्हटलं, पण आभार इथे मांडून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सविताला फोन केला. डोळे पिवळे झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या बाबाले बी असेच झाले होते. पुढे एवढंच म्हणाली, आता तरी सोडा. आणि फोन ठेवला. माझ्या आजाराने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती.

शेजारच्या खाटेवर जामखेडचे बापू होते. ट्रॅक्टरवाले, पोट फुगलेलं, पायाशी बायको. पहिल्याच दुपारी कुशीवर वळून त्यांनी विचारलं, "काय मग, देशी का इंग्लिश?"

मी चिडलो. म्हटलं, मी तुमच्यासारखा नाही, मी थेंब घेत नाही. मोठ्याने म्हटलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. त्यांच्या बायकोने मान खाली घातली.

"न्हाई तर न्हाई," बापू म्हणाले. "पन मी पितो म्हनून माजं कमी दुखतंय का, ते सांग."

दोन महिने मी 'पीत नाही' हे असं ओरडत होतो, जणू पिणाऱ्याने मरायलाच पाहिजे. त्या दिवशी संध्याकाळी बापूंना उठता येत नव्हतं, तर त्यांच्या पाठीला मी हात लावला. ते म्हणाले, आता कसं शेजाऱ्यासारखं.

फवारा

काढ्याचं मी डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. औषध थोडंच होतं ते, पाला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी खोदून खोदून विचारलं, काय काय पोटात जातंय? तेव्हा सांगितलं. त्यांच्याबरोबरचे एक तरुण डॉक्टर म्हणाले, तुम्हा लोकांना झाडपाल्याशिवाय चैनच पडत नाही. बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "हा भुईआवळा येतो कुठून?"

मी म्हटलं, कांद्यातून. खुरपणीत निघतो.

"आणि कांद्यावर फवारणी?"

मी तिथेच, त्यांच्यासमोर आक्काला फोन लावला.

"मारला ना फवारा," आक्का म्हणाल्या. "पावसाळी कांदा, फुलकिडं लई. आठ-धा दिसांला तात्या मारतोच. पन दादा, त्यो कांद्यावर मारला. भुईआवळ्यावर कोन मारील?"

हे बोलतानाच त्यांना कळलं. मलाही. कांद्याच्या दोन ओळींमधली जागा वितीएवढी असते, हे आम्हा दोघांनाही आयुष्यभर माहीत होतं. पण कांदा म्हणजे पीक आणि भुईआवळा म्हणजे देवाने दिलेली वस्तू, ती कुणाच्या पंपाखाली येते असं मनातच आलं नाही. त्यांच्याही नाही आणि माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आक्का आल्या. पायाशी बसल्या, वर बघेनात. तरुण डॉक्टर आले आणि त्यांना समजावू लागले, आवाज जरा चढवून. मी सलाइनचा हात धरून उठून बसलो आणि म्हटलं, साहेब, यांना काही बोलायचं नाही. यांनी एक कप सांगितला होता, तीन मी प्यायलो. वाळत घालतो म्हणून खोटंही मीच बोललो. ओरडायचं असेल तर खाट ही आहे.

ते मला नाही ओरडले. आक्का मात्र ओरडल्या. "तीन?" म्हणाल्या. "आरं, म्हशीला तरी इतकं पाजतात का?" बापू खाटेवर पोट धरून हसले.

मग डॉक्टरबाईंना मी मनातलं विचारलं. म्हटलं, म्हणजे झाडपाल्यात काहीच नाही का? माझ्या आवाजात जरा राग होता. आक्काच्या भावाची कावीळ, आमच्या आजोबांच्या मुळ्या, सगळंच खोटं म्हणणार असाल तर मला पटणार नाही.

त्या खुर्ची ओढून बसल्या. असे डॉक्टर थोडे. म्हणाल्या, कोण म्हणतं काही नाही? हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर काम चालू आहे, दारुहळदीतल्या एकावर, परदेशातल्या एका काटेरी झाडाच्या बियांवर, भुईआवळ्यावरही. फॅटी लिव्हरसाठीच. काही उंदरांवर चांगलं दिसतं, काही माणसांवर थोडंफार दिसतं. त्यात एखादं खरं औषध निघेलही. पण आज तुमच्या हातात ठेवावं इतकं पक्कं मला एकही वाटत नाही. आणि तुम्ही प्यायलात ते काय होतं? झाड तेच होतं की त्याच्यासारखं दिसणारं, त्यात फवारा किती होता, किती घट्ट उकळलं, मला माहीत नाही. नुसतं झाडसुद्धा जास्त झालं तर लिव्हरला जड जाऊ शकतं.

"मग मला कशाने झालं? फवाऱ्याने की पाल्याने?"

"ते मी छातीठोक सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "बंद केलंत आणि आकडा उतरतोय, एवढं खरं."

मला माहीत नाही म्हणणाऱ्या या पहिल्याच. मोबाईलवरच्या एकाही पाल्यावाल्याला आजवर काही माहीत नसल्याचं मी वाचलेलं नाही. म्हणून मी बाईंचं ऐकायचं ठरवलं.

तुम्हाला सांगायचं ते

आज सहा महिने होऊन गेलेत. कावीळ पूर्ण उतरली. सोनोग्राफीत ग्रेड वन आहे, वजन नऊ किलोने कमी. रोज सुट्टीनंतर हायवे सोडून आतल्या रस्त्याने पाऊण तास चालतो. भात एक वेळ, मूठभर. चहा बिनसाखरेचा, पहिला महिना शिक्षेसारखा गेला, आता सवय झाली. मशीनवर परत बसलो. गेटवर आता सगळेच फुंकतात, सुपरवायझर साहेबसुद्धा, कारण मी लिहून मागितलं होतं की नियम एकाला असेल तर तो नियम नाही.

कुणी पाला, पूड, कॅप्सूल काहीही आणून दिलं तर देणाऱ्याच्या पाया पडा आणि ती वस्तू डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लपवू नका. हसले तर हसू द्या, मी तर भांडलोसुद्धा. उद्या एखाद्या झाडातलं औषध पक्कं निघालं तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन, चिठ्ठीवर किती आणि किती दिवस हे लिहून घेऊन. तोवर चालतो.

आणि लिव्हर ऐकून तोंडाचा वास घ्यायला येणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

बसमध्ये

डिस्चार्जच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. त्याच्या तीन दिवस आधी सविता आली होती. पायलला माहेरी ठेवून, एकटी. नागपूरपर्यंत बस, तिथून दुसरी बस, हातात एक पिशवी. वॉर्डच्या दारात ती दिसली तेव्हा मी तिला ओळखायला जरा वेळ लावला, कारण ती तिथे असेल असं ध्यानीमनी नव्हतं.

तिला यायला आक्काचा फोन कारण झाला, असं मी धरून चाललो होतो. आक्कांनी माझ्याकडून नंबर घेऊन बाहेरच्या बाकावरून तिला सांगितलं होतं की पोरी, तुजा नवरा दारूनं न्हाई, माज्या हातानं पडलाय. तात्यांनी फवारा कधी कधी मारला त्या तारखाही सांगितल्या म्हणे.

ती आली त्याचा आनंद होता. पण आत एक काटा होता. परतताना नगर-सुपा एसटीत ती खिडकीशी बसली होती, मी कडेला. चास गाव मागे गेल्यावर मी बोललोच. म्हटलं, बारा वर्षं संसार केला, माझा शब्द पटला नाही, आणि न बघितलेल्या बाईचा एका फोनवर पटला.

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "आक्काचा फोन आला तवा मी वर्ध्याच्या पुढं होती जी."

मला पहिल्यांदा समजलंच नाही.

"तुमचे डोळे पिवळे झाले म्हटलं, त्याच रात्री निघाली. घेतात असंच समजून निघाली." ती माझ्याकडे वळली. "बाबा रोज म्हणे, घेतली नाई. मले बोलणं ऐकून समजत नाई, खरं कोणतं अन् खोटं कोणतं. ते माझ्या हातात नाई. पण घेत असते तरी येतच होती मी."

कंडक्टर आला. मी दोन सुपा म्हटलं, आणि तिकिटं तिच्या हातात दिली.